वास्तवाधारित मालिका आणि आपले मत : संमिश्र पात्राच्या अंगाने एक विवेचन

बीजसंज्ञा : ओटीटी माध्यम, वास्तवाधारित मालिका, संमिश्र पात्र, प्रेक्षकाचे मत, अध्यापन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दोन तासिकांच्या मधल्या वेळात आज जे विषय निघतात, त्यांत नुकत्याच पाहिलेल्या मालिकेचा विषय हमखास असतो. वाणिज्य शाखेचे प्राध्यापक 'स्कॅम १९९२'ची शिफारस करतात, विज्ञान शाखेत 'रॉकेट बॉइज' आणि 'चेर्नोबिल' यांची तुलना होते, आणि भाषा विभागातील कोणीतरी 'मानवत मर्डर्स'मधील बोलीविषयी बोलू लागते. दूरदर्शनच्या काळातही मालिकांवर चर्चा होत असे. १९८८ साली 'तमस' किंवा 'भारत एक खोज' प्रक्षेपित होत असताना सर्वांनी एकच भाग एकाच वेळी पाहिलेला असे आणि दुसऱ्या दिवशीची चर्चा त्या एका भागापुरती असे. आता प्रत्येकाची गती निराळी आहे. कोणी एका रविवारी सर्व भाग संपवतो, कोणी दोन महिने पुरवून पाहतो. त्यामुळे चर्चा सुरू होताच "माझी अजून पाहून झालेली नाही, पुढचे सांगू नका" अशी विनंती येते आणि बोलणे 'छान आहे, पाहा' या तीन-चार शब्दांवर थांबते.

मनोरंजनापुरत्या मालिकेविषयी एवढे मत पुरेसे आहे. परंतु प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर आधारलेल्या मालिकेविषयी ते पुरत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशा मालिकेला आपण 'छान' म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळी विधाने एकाच शब्दात मिसळून जातात : मालिकेची रचना व अभिनय चांगला आहे, ज्या घटनेविषयी ती आहे ती महत्त्वाची आहे, आणि ती घटना जशी दाखवली तशीच घडली. पहिली दोन विधाने प्रेक्षक स्वतःच्या अनुभवावर करू शकतो. तिसरे त्याला करता येत नाही, पण नकळत तेही तो करून बसतो. हे तिसरे विधान तपासण्याची एक सोपी जागा प्रत्येक वास्तवाधारित मालिकेत असते. ती म्हणजे संमिश्र पात्र. त्या पात्राच्या अंगाने काही परिचित मालिकांचे विवेचन करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

संमिश्र पात्र म्हणजे काय :

अनेक प्रत्यक्ष व्यक्तींचे कार्य, अनुभव आणि संवाद एकत्र करून निर्माण केलेले एक काल्पनिक पात्र म्हणजे संमिश्र पात्र. काही वेळा एकाच व्यक्तीचे नाव, धर्म, गाव किंवा हुद्दा बदलूनही असे पात्र घडवले जाते. काटेकोरपणे त्याला संमिश्र म्हणता येणार नाही, परंतु प्रेक्षकाच्या दृष्टीने परिणाम सारखाच असल्याने येथे दोन्ही प्रकार एकत्र विचारात घेतले आहेत. निर्मात्यांना असे पात्र लागते याची कारणे उघड आहेत. एखाद्या घटनेत पन्नास माणसांनी केलेली कामे पाच-सहा तासांच्या कथनात पन्नास चेहऱ्यांनी दाखवली तर प्रेक्षकाला एकही चेहरा लक्षात राहणार नाही. शिवाय अब्रुनुकसानीचा कायदा आहे, वारसांची संमती आहे, आणि कथेला नायकाच्या समोर कोणीतरी उभा करावा लागतो ही नाट्याची जुनी गरज आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. ऐतिहासिक कादंबरीने तो आपल्यापुढे फार पूर्वीच उभा केला. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीने थोरले माधवराव आणि रमाबाई यांची जी प्रतिमा मराठी मनात उभी केली, तिच्यापुढे कागदपत्रांतील माधवराव मागे पडले, ही तक्रार इतिहासाच्या अभ्यासकांकडून आपण अनेकदा ऐकली आहे. तरीही कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' हा शब्द असतो आणि वाचक तो शब्द वाचूनच पान उलटतो. मालिकेत तशी सोय नाही. तेथे त्या काळच्या मोटारी, खऱ्या बातम्यांची जुनी चित्रफीत, दिनांक-वेळ दाखवणारी पट्टी असे सर्व काही दस्तऐवजासारखे असते, आणि 'यातील काही पात्रे काल्पनिक आहेत' ही सूचना आरंभी काही क्षण बारीक अक्षरांत येऊन जाते. पडद्यावर प्रस्तावना वगळण्याचे बटण असते. श्रेयनामावली सुरू झाली की चित्र लहान होऊन पुढचा भाग आपोआप सुरू होतो. म्हणजे कथेच्या खरेपणाविषयी निर्मात्याला जे सांगायचे असते, ते नेमके ज्या दोन ठिकाणी सांगितले जाते, तीच दोन ठिकाणे प्रेक्षकाने ओलांडून जावीत अशी या माध्यमाची घडण आहे.

'चेर्नोबिल' : सांगून केलेली मोडतोड

एचबीओची 'चेर्नोबिल' ही पाच भागांची मालिका मे-जून २०१९ मध्ये प्रदर्शित झाली. २६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत युक्रेनमधील अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत झालेला स्फोट हा तिचा विषय. वालेरी लेगासोव्ह हे शास्त्रज्ञ आणि बोरिस श्चेर्बिना हे मंत्री या दोन्ही प्रत्यक्ष व्यक्ती. त्यांच्या जोडीला उलाना खोम्युक ही बेलारूसची अणुशास्त्रज्ञ आहे. ती धोका ओळखते, मॉस्कोला पोहोचते, रुग्णालयात जाऊन मरणाच्या दारातील कर्मचाऱ्यांच्या जबान्या घेते आणि अखेरीस लेगासोव्ह यांना सत्य बोलण्यास भाग पाडते. अशी कोणी स्त्री नव्हती. लेगासोव्ह यांच्याबरोबर काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांचे प्रतिनिधित्व करण्यासाठी हे पात्र निर्माण केले, असे मालिकेच्या शेवटच्या भागाअखेर पडद्यावर लिहून सांगितले आहे.

मोडतोड एवढीच नाही. मालिकेच्या परमोच्च बिंदूवर, जुलै १९८७ मधील खटल्यात, लेगासोव्ह लाल-निळ्या पाट्या लावून अणुभट्टीचे कार्य समजावून देतात. तो प्रसंग अध्यापनाचा उत्कृष्ट नमुना आहे. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा इतका सुबोध. प्रत्यक्षात लेगासोव्ह त्या खटल्याला उपस्थित नव्हते. त्यांनी जगापुढे जे निवेदन केले ते ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत. तसेच अणुभट्टीवर हेलिकॉप्टर कोसळण्याची दुर्घटना मालिकेत पहिल्या काही दिवसांत घडते. ती घडली ऑक्टोबर १९८६ मध्ये.

एवढे असूनही ही मालिका प्रस्तुत लेखकास प्रामाणिक वाटते, आणि याचे कारण मालिकेच्या बाहेर आहे. लेखक-निर्माते क्रेग मेझिन यांनी प्रत्येक भागाबरोबर एक ध्वनिमुद्रित संवाद प्रसिद्ध केला आणि काय बदलले, का बदलले, याची कबुली त्यात स्वतःहून दिली. खटल्याला लेगासोव्ह नव्हते हे त्यांनी लपवले नाही. खोम्युक या पात्राने कोणाचे श्रेय हिरावले असेही म्हणता येत नाही, कारण ते अनेकांचे आहे आणि तसे ते जाहीर केलेले आहे. फार तर एक आक्षेप घेता येईल : अनेकांच्या सावध, तुकड्यातुकड्याने केलेल्या सामूहिक कामाचे एका निर्भय व्यक्तीच्या पराक्रमात रूपांतर झाले. विज्ञान असे चालत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

'द रेल्वे मेन' : नाव बदललेला स्टेशनमास्तर

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती झाली. या घटनेवरील 'द रेल्वे मेन' ही चार भागांची मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. के. के. मेनन यांनी साकारलेला स्टेशनमास्तर इफ्तेकार सिद्दिकी हा तिचा प्राण आहे. मेनन यांचा अभिनय संयत आहे. हातवारे जवळजवळ नाहीतच, सगळे काम डोळ्यांनी. स्टाफरूममधील चर्चेतही याच पात्राचे नाव सर्वांत आधी निघते.

या पात्राच्या मागे गुलाम दस्तगीर उभे आहेत. भोपाळ स्थानकाचे ते उपस्थानक अधीक्षक होते. त्या रात्री फलाटावर आल्यावर सहकारी गुदमरून पडलेले त्यांनी पाहिले. प्रवाशांनी भरलेली गोरखपूरची गाडी फलाटावर उभी होती आणि तिची वेळ झालेली नव्हती. वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता, स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांनी ती वेळेआधी सोडण्यास लावले आणि आजूबाजूच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या न पाठवण्याचे निरोप धाडले. वायूच्या परिणामांसह ते पुढे जगले; २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. रेल्वेच्या शिस्तीत वेळेआधी गाडी सोडणे ही केवढी गोष्ट आहे, हे ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

आता पडद्यावर काय घडते ते पाहावे. पोलिसाच्या वेषातील एक चोर तिजोरीसाठी स्थानकात शिरतो आणि लोकांना वाचवण्यात सामील होतो. बाहेरून एक उच्चपदस्थ रेल्वे अधिकारी मदतीची गाडी घेऊन निघतो. दोन्ही धागे रंजक आहेत, परंतु त्यांच्या गर्दीत मूळ कृतीचा साधेपणा हरवतो. एका माणसाने नियमपुस्तक बाजूला ठेवून गाडी सोडली, एवढीच ती कृती. तीत चोरही नाही आणि बंदूकही नाही. मालिकेतील पत्रकाराच्या बाबतीतही असेच म्हणता येते. जगमोहन कुमावत या पात्राच्या मागे राजकुमार केसवानी आहेत. त्यांनी दुर्घटनेच्या आधी, १९८२ पासून, या कारखान्याच्या धोक्याविषयी आपल्या लहानशा साप्ताहिकातून लेख लिहिले आणि कोणी ते मनावर घेतले नाहीत. दोन वर्षे लिहीत राहणे आणि दुर्लक्षित होणे हे दृश्यमाध्यमाला दाखवता येत नाही. त्याला त्याच रात्रीची धावपळ लागते.

मालिका पाहून 'इफ्तेकार सिद्दिकी काय माणूस होता' असे म्हणणारा प्रेक्षक दस्तगीर यांचेच कौतुक करीत असतो, फक्त दस्तगीर हे नाव त्याला माहीत नसते. नाव बदलण्यामागे कायद्याची वा संमतीची कारणे असू शकतात. त्याबद्दल निर्मात्याला दोष देण्यापेक्षा, शिफारस करताना आपण ते एक नाव जोडावे, एवढे तर प्रेक्षकाच्या हाती आहे.

'रॉकेट बॉइज' : अदृश्य झालेला शास्त्रज्ञ

वरील दोन उदाहरणांत संमिश्र वा नाव बदललेले पात्र गौरवाचे होते. ते विरोधकाचे असते तेव्हा प्रश्न गंभीर होतो. सोनी लिव्हवरील 'रॉकेट बॉइज' (पहिले पर्व फेब्रुवारी २०२२) ही होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची कथा. जिम सर्भ यांचे भाभा पाहताना पारशी ऐट, विनोद आणि महत्त्वाकांक्षा यांचे मिश्रण मनोहर वाटते. मुंबईच्या वाचकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील अणुसंशोधन यांच्या जन्मकथेचा जिव्हाळा वेगळाच. भाषा, वेशभूषा, संगीत या सर्वच बाबतींत ही मालिका हिंदीतील उत्तम मालिकांत गणावी लागेल.

या मालिकेत भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून मेहदी रझा हा कलकत्त्याचा भौतिकशास्त्रज्ञ येतो. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या नावाचा शास्त्रज्ञ नाही. पात्र काल्पनिक असल्याची निर्मात्यांची भूमिका आहे. परंतु त्या काळात कलकत्त्यात राहून अणुभौतिकीचे संशोधन करणारे, सायक्लोट्रॉन उभारणारे, अणुऊर्जा धोरणावर भाभांशी उघड मतभेद असणारे आणि राजकारणातही उतरलेले एक शास्त्रज्ञ होते : मेघनाद साहा. मालिका प्रदर्शित झाल्यानंतर हे साम्य आणि त्यावरचे आक्षेप वृत्तपत्रांतून मांडलेही गेले.

साहा यांचे मूळ चरित्र मालिकेतील पात्रापेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय आहे. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली एका गरीब दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांची जात समाजात खालची मानली जाई. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसण्यास नकार दिला. १९२० साली त्यांनी औष्णिक आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावण्याचे साधन जगाला मिळाले. खगोलभौतिकीच्या पाठ्यपुस्तकात आजही ते 'साहा समीकरण' म्हणूनच शिकवतात. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन होत असताना त्यांचा विरोध होता. आधी विद्यापीठांतून प्रशिक्षित मनुष्यबळ आणि देशात औद्योगिक पाया तयार व्हावा, ही त्यांची मांडणी होती. अणुऊर्जेच्या कामातील गुप्ततेवरही ते टीका करीत. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले आणि १९५६ साली त्यांचे निधन झाले.

हा विरोध भाभांच्या दृष्टीने चुकीचा असेल, इतिहासानेही कदाचित तो मागे टाकला असेल. तरी तो एक विचार होता. संशोधन विद्यापीठांत व्हावे की स्वतंत्र शासकीय संस्थांत, हा प्रश्न महाविद्यालयात शिकवणाऱ्या आपणा सर्वांच्या रोजच्या अनुभवाशी निगडित आहे. कथेला प्रतिस्पर्धी हवा असतो आणि प्रतिस्पर्ध्याला हेवा, अहंकार, संशय यांचे रंग लागतात. ते रंग दिले की विचाराची मांडणी व्यक्तीच्या स्वभावात विरघळून जाते. शिवाय धर्म बदलल्यामुळे साहांच्या आयुष्यातील जातीचा सारा संघर्ष कथेबाहेर पडला. सामाजिक समतेच्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात तरी ही उणीव चर्चेत यावयास हवी होती. आमच्याकडील चर्चा जिम सर्भ यांच्या उच्चारांवर आणि वेशभूषेवर थांबली.

खरी नावे ठेवली तर :

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे नावे न बदलणे. तो वाटतो तितका निर्दोष नाही. 'स्कॅम १९९२' (ऑक्टोबर २०२०) मध्ये हर्षद मेहता आणि सुचेता दलाल ही नावे तशीच आहेत आणि मालिका दलाल व देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. तरीही प्रतीक गांधी यांचा अभिनय आणि शीर्षकसंगीत यांचा परिणाम असा झाला की घोटाळा उघडकीस आणणाऱ्या पत्रकारापेक्षा घोटाळा करणाराच अनेक तरुण प्रेक्षकांचा नायक ठरला. 'मानवत मर्डर्स' (ऑक्टोबर २०२४) ही सोनी लिव्हवरील मराठी मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या लेखनावर आधारलेली असून १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे झालेल्या हत्यांची ती कथा आहे. तीतही प्रमुख नावे कायम आहेत. तेथे प्रश्न उलटा आहे : एका तालुक्याच्या गावाचे नाव पन्नास वर्षांनंतर पुन्हा त्याच एका गोष्टीसाठी देशभर पोहोचते. या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल माफीच्या साक्षीदाराच्या पुराव्यासंदर्भात विधी महाविद्यालयांत अभ्यासला जातो. मालिका आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचणे हा विधी व मराठी या दोन विभागांना एकत्र करता येण्याजोगा उपक्रम आहे.

खऱ्या नावांवरून उठलेला सर्वांत मोठा वाद ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या 'आयसी ८१४ : द कंदाहार हायजॅक' या मालिकेचा. डिसेंबर १९९९ मधील विमान अपहरणातील दोन अपहरणकर्ते 'भोला' आणि 'शंकर' या नावांनी दाखवल्याबद्दल निर्मात्यांवर प्रखर टीका झाली. वस्तुतः अपहरणकर्ते एकमेकांना चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला आणि शंकर अशा सांकेतिक नावांनी हाका मारीत, हे केंद्रीय गृह मंत्रालयाने ६ जानेवारी २००० रोजी दिलेल्या निवेदनातच नमूद आहे. त्यांची खरी नावेही त्याच निवेदनात आहेत. अखेर नेटफ्लिक्सने आरंभीच्या सूचनेत खरी व सांकेतिक अशी दोन्ही नावे समाविष्ट केली. टीका करणाऱ्यांना खरी नावे मालिकेतच ठळकपणे हवी होती, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. परंतु निर्मात्याने ती नावे मनाने रचली, असे ठाम मत अनेकांनी जे सांगितले, ते चोवीस वर्षे जुने आणि सर्वांना उपलब्ध असलेले एक पत्रक न वाचता सांगितले.

वर्गातील उपयोग :

मत नोंदवण्याची या मंचांची स्वतःची साधने या कामी निरुपयोगी आहेत. नेटफ्लिक्सने २०१७ साली तारांकनाची पद्धत बंद करून अंगठ्याची खूण आणली. ती खूण प्रेक्षकाला पुढे काय दाखवावे हे ठरवण्यासाठी आहे. रचना आवडली पण मांडणी पटली नाही, असे तिच्यात सांगता येत नाही. ते सांगण्याची जागा स्टाफरूम आणि वर्ग याच उरतात.

पदवी वर्गात यासाठी एक छोटा स्वाध्याय देता येतो. विद्यार्थ्याने आपण पाहिलेल्या वास्तवाधारित मालिकेतील एकच पात्र निवडावे, त्यामागे कोणती व्यक्ती वा कोणत्या व्यक्ती आहेत हे शोधावे, आणि पात्रात नसलेली पण व्यक्तीत असलेली एक गोष्ट दोन परिच्छेदांत लिहावी. मालिका चांगली की वाईट हे लिहावयाचे नाही, असे आरंभीच सांगितले म्हणजे गुणगान आपोआप टळते. संदर्भ म्हणून विश्वकोशातील नोंद, तत्कालीन वृत्तपत्र, निकालपत्र किंवा संसदेचे कार्यवृत्त यांपैकी एक साधन बंधनकारक करावे. भ्रमणध्वनीवर मालिका पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच भ्रमणध्वनीवर यातील बहुतेक साधने मिळतात. 'रॉकेट बॉइज' निवडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तर साधन अगदी हाताशी आहे : मे १९५४ मध्ये लोकसभेत अणुऊर्जेवर झालेल्या चर्चेत मेघनाद साहा बोलले आहेत, आणि त्यांचे ते भाषण लोकसभेच्या छापील कार्यवृत्तात आहे.